चॅम्पियन्स लीग २०२४-२५ : बाद फेरी, जागरणं आणि भांडणं

रात्रपाळी | १३ मार्च २०२५, सकाळी ७:५२

युरोपातल्या क्लब फुटबॉलच्या ह्या स्पर्धेचा साखळी फेरीचा जुना धागा प्रतिसादांनी तुंबलाय, मोबाइलवर उघडतच नाही, म्हणून बाद फेरीसाठी हा नवा. नियम तेच: निकाल शीर्षकात टाकायचा नाही, दुपारी बारापर्यंत गोल सांगायचे नाहीत (हा नियम आजपर्यंत कुणी पाळलेला नाही), आणि क्रिकेटवाल्यांशी हुज्जत नाही.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात. यंदापासून गट नाहीत. ३६ संघांचा एकच गुणतक्ता, प्रत्येकाचे ८ सामने, पहिले ८ थेट पुढे, ९ ते २४ आपसात प्ले-ऑफ खेळणार. जानेवारीपर्यंत सगळे नाकं मुरडत होते. मग बार्साने बेनफिकाला ५-४ हरवलं, दुसऱ्याच रात्री पॅरिसने सिटीविरुद्ध ०-२ वरून ४-२ केलं, आणि नाकं सरळ झाली.

आता गंमत बघा. साखळीत पहिला लिव्हरपूल, पॅरिस १५वा. आणि परवा त्याच पॅरिसने लिव्हरपूलला अॅनफिल्डवर पेनल्टींवर घरी बसवलं. घरीच होते म्हणा ते. काल रेआल माद्रिदने अॅटलेटिकोला, तेही पेनल्टींवरच. त्या अल्वारेझच्या पेनल्टीवर बोला.

मॅड्रिदिस्ता | ८:०५

बोलायचं काय त्यात? नियम म्हणजे नियम. पुढे चला.

गनर_ठाणेकर | ८:११

आला. चोरी करून वर शहाजोगपणा.

पेठेतला_लेफ्टबॅक | ८:४०

मी तो तुकडा इतक्यांदा बघितला की बायको म्हणाली, सीसीटीव्ही तपासताय का. भावा, उजवा पाय मारायला आला आणि डावा घसरला. घसरता घसरता डाव्याला चेंडू जरासा लागला, मग उजव्याने मारला. चेंडू जाळ्यात. पंचाला मैदानात काय दिसलं नाही, व्हीएआरने (व्हिडिओ बघणाऱ्या पंचांनी) सांगितलं. मारणाऱ्याचा पाय दोनदा लागला की पेनल्टी फुकट, आणि शूटआउटमध्ये फुकट म्हणजे हुकलीच. पुन्हा मारायला मिळत नाही. नियम तसाच आहे, पण असला नियम आमच्या शाहू स्टेडियमवर लावला असता तर पंच मागच्या दारानं गेला असता.

मॅड्रिदिस्ता | ८:४४

बघा, कोल्हापूरकरपण म्हणतायत नियम तसाच आहे.

पेठेतला_लेफ्टबॅक | ८:४५

मागच्या दाराचं वाचलं नाहीस वाटतं.

कॉपकाका | ९:३०

आमच्याबद्दल कुणी हळहळ व्यक्त करण्याआधीच सांगतो: पॅरिसमधल्या पहिल्या सामन्यात त्यांनी २७ फटके मारले, आम्ही २. अॅलिसनने नऊ वाचवले आणि हार्वी एलियट मैदानात येऊन मिनिटही झालं नव्हतं, त्याने गोल केला. १-० आम्ही. तो दरोडा होता. परवा पोलिसांनी मुद्देमाल परत नेला, एवढंच. डोनारुम्माने नुनिएझ आणि जोन्सच्या पेनल्टी अडवल्या, तो उंच पोरगा गोलपोस्टमध्ये उभा राहिला की दार लोटल्यासारखं वाटतं.

हा पॅरिसचा संघ नीट बघून ठेवा. नेमार, मेस्सी, एम्बापे होते तेव्हा असा कधी धावला नाही.

मॅड्रिदिस्ता | ९:४१

काका, एम्बापे आमच्याकडे फुकटात आला, म्हणून ते धावतायत. कप कुणाकडे जाणार ते मे महिन्यात बघू. १५ कप आहेत, सोळावा मोजायला बोटं तयार ठेवा.

मांडवीपार | १०:१५

गोव्यातून रुमाल टाकून ठेवतो. माझा पाठिंबा पॅरिसला, पण पॅरिससाठी नव्हे. विटिन्या, नुनो मेंडेस, जोआओ नेव्हेस, गोन्सालो रामोस, चार पोर्तुगीज. आमच्या वाड्यावर अर्धी घरं पोर्तुगाल, अर्धी ब्राझील, आणि भांडणाला वर्ल्डकप लागत नाही.

यमालचा_मामा | १०:२०

तेलाच्या पैशावर चालणाऱ्या क्लबला पाठिंबा देतोस आणि वर कारण पोर्तुगीज!

मांडवीपार | १०:२२

कारण बरें असलें म्हणजे जालें.

---

गनर_ठाणेकर | ९ एप्रिल, पहाटे २:३८

राईस. राईस. राईस.

गनर_ठाणेकर | पहाटे २:४१

झोप येणं शक्य नाही म्हणून लिहितो. अख्ख्या कारकिर्दीत आमच्या आर्सेनलच्या ह्या माणसाने थेट फ्री-किकवर एक गोल केला नव्हता. एकही. आणि रेआल माद्रिदविरुद्ध बारा मिनिटांत दोन! पहिला भिंतीच्या बाहेरून असा वळवला की कोर्टुआ झेपावूनही हात पुरला नाही. दुसरा तर थेट वरच्या कोपऱ्यात, तिथे कोळ्याचं जाळं असतं तर तेही गेलं असतं. मग मेरिनो. ३-०. मेरिनो! मिडफिल्डर आहे तो, पुढे खेळतोय कारण हॅवर्ट्झ आणि जेझूस दोघंही जायबंदी. मागे गॅब्रिएलही नाही.

मॅड्रिदिस्ता कुठे आहे? बोटं मोजतोय का?

मॅड्रिदिस्ता | सकाळी ८:३०

आमचं मैदान, बर्नाबेउ, बाकी आहे. तिथे ९० मिनिटं फार लांब असतात.

रात्रपाळी | ८:३६

हे वाक्य मी दर वर्षी वाचतो, आणि वाईट म्हणजे दर वर्षी खरं ठरतं.

अवांतर: युरोपातली घड्याळं पुढे गेल्यापासून सामने दीडऐवजी साडेबाराला लागतायत. एक तास जास्त झोप. ज्यांनी अजून दीडचाच गजर ठेवलाय त्यांनी पूर्वार्ध गमावला.

गनर_ठाणेकर | १७ एप्रिल, पहाटे २:३५

२-१. त्यांच्याच घरात. साकाने पेनल्टी हलकेच मधोमध टाकायला जाऊन कोर्टुआच्या हातात दिली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता, पण त्यानेच नंतर गोल केला. एकूण ५-१. ९० मिनिटं खरंच लांब होती रे.

मॅड्रिदिस्ता | सकाळी ९:००

अभिनंदन. आता हा कप तुम्ही एकदा तरी जिंका, मग आपण बरोबरीने बोलू.

कॉपकाका | ९:१२

हे मात्र बोचरं आहे. गनर, लावून घेऊ नकोस. २००६ला फायनलला पोचला होतात तुम्ही, पॅरिसमध्येच, बार्साकडून २-१ हरलात.

गनर_ठाणेकर | ९:१३

काका, तुम्ही सांत्वन करताय की मीठ चोळताय?

युनायटेड_पीडित | १८ एप्रिल, पहाटे ३:३०

इथे चॅम्पियन्स लीग चालू आहे ठाऊक आहे, पण मला कुठे जागाच नाही हो. आमची मँचेस्टर युनायटेड युरोपा लीगमध्ये, म्हणजे खालच्या पायरीवरच्या स्पर्धेत. ल्योंविरुद्ध २-० पुढे होतो, २-२ झालं, जादा वेळेत २-४. घरचे उठू नयेत म्हणून तोंडात उशी कोंबून बसलो होतो. ११४व्या मिनिटाला पेनल्टी, १२०व्याला मेनू, १२१व्याला मॅग्वायरचं डोकं. ५-४! ज्या माणसावर जगाने एवढे विनोद केले त्याचं डोकं!

यमालचा_मामा | सकाळी ८:२०

लीगमध्ये कितवे आहात?

युनायटेड_पीडित | ८:२१

हा प्रश्न आज विचारायचा नव्हता.

---

रात्रपाळी | १ मे २०२५, सकाळी ७:३०

महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा. सुट्टी असल्याने काल कुणीच झोपलेलं नाही असं गृहीत धरतो. उपांत्य फेरी, बार्सा ३, इंटर ३. ज्यांनी नाही बघितलं त्यांनी आज काहीही काम करू नये, आधी हे बघावं.

पेठेतला_लेफ्टबॅक | ७:४५

नाद खुळा. मी चहाचा कप ठेवून खाली बसेपर्यंत थुरामने टाचेने गोल केला. अर्धं मिनिट! मग डुम्फ्रीसची कात्री. ०-२. आणि मग बार्साचा तो सतरा वर्षांचा पोरगा, यमाल. उजवीकडून आत आला, दोघं-तिघं नुसते सोबत चालले, आणि खांबाला घासून आत. त्या वयात आम्ही तालमीच्या संघात राखीव होतो आणि थोरल्यांचे बूट सांभाळत होतो.

इसारकाठी | १०:०५

मी म्युनिकमधून, इंटरची. होय, बायर्नच्या गावात राहून इंटरची. नवरा बायर्नवाला आहे, उपांत्यपूर्व फेरीत इंटरने त्यांना काढल्यापासून घरात जेवणं शांततेत होतायत. फायनल आमच्याच गावात आहे आणि बायर्न त्यात नाही, हे दुःख इथल्या लोकांच्या चेहऱ्यावर भाजीबाजारातही दिसतं.

यमालबद्दल बोलू नका, डिमार्कोची कीव येते. पण बार्साची बचावफळी इतकी वर उभी राहते की मागे शेत मोकळं. त्यांचा प्रशिक्षक फ्लिकला ते माहीत आहे, तरी तो तसंच खेळवणार. मिलानमध्ये त्याचं व्याज वसूल होईल.

यमालचा_मामा | १०:३०

ताई, ह्याच बचावाने ह्या मोसमात रेआलला ४-०, ५-२ आणि परवा कप फायनलला ३-२ हरवलंय. वर राहू आणि वरच राहू.

गनर_ठाणेकर | १०:४८

आमच्याबद्दल कुणी विचारत नाहीये हे बरंच आहे. पॅरिसकडून घरात ०-१. चौथ्याच मिनिटाला डेम्बेले. पहिली वीस मिनिटं आमच्या पोरांना चेंडू दाखवून दाखवून परत घेत होते.

मांडवीपार | १०:५५

विटिन्या.

गनर_ठाणेकर | १०:५६

माहीत आहे.

इसारकाठी | ७ मे २०२५, पहाटे ३:२०

मी रडतेय. खरंच. कुणी जागं आहे का?

पेठेतला_लेफ्टबॅक | ३:२२

जागा आहे. अर्धं लक्ष दोनपासून ऑपरेशन सिंदूरच्या बातम्यांकडे होतं, सगळा देश आज जागाच आहे. पण ९३व्या मिनिटाला आचेर्बी पुढे काय करत होता कुणी सांगेल का? सेंटर बॅक! ३७ वर्षांचा!

इसारकाठी | ३:३१

सांगते. २-० पुढे, मग एरिक गार्सिया, ओल्मो, २-२. ८७व्याला राफिन्या, बार्सा ३-२. संपलं होतं. मी टीव्हीसमोरून उठून भांडी लावायला गेले होते. नवरा ओरडला म्हणून पळत आले. डुम्फ्रीस उजवीकडे चेंडूसाठी झगडला, तो आत टाकला आणि आचेर्बीने उजव्या पायाने, जो त्याचा पायच नाही, छताला लावला. युरोपच्या स्पर्धांतला त्याचा पहिला गोल. ह्या माणसाला दोनदा कॅन्सर होऊन गेलाय. मग जादा वेळेत फ्रात्तेसी, ४-३, एकूण ७-६. आणि सोमर! यमालचा तो फटका त्याने बोटांच्या टोकांनी बाहेर काढला नसता तर आज नवऱ्याशी बोलले नसते.

यमालचा_मामा | ३:४०

डुम्फ्रीसने त्या चेंडूसाठी आमच्या माणसाला ढकललं होतं. फाऊल होता.

मॅड्रिदिस्ता | ३:४१

नियम म्हणजे नियम. पुढे चला.

रात्रपाळी | ३:४२

दोन महिने हे वाक्य जपून ठेवलं होतं ह्याने.

यमालचा_मामा | सकाळी ११:००

थोडी झोप झाली. ढकललं होतंच, ते सोडत नाही. पण ८७व्या मिनिटाला ३-२ पुढे असताना कुठलाही शहाणा संघ चेंडू कोपऱ्यात नेऊन उभा राहतो. आम्ही चौथ्या गोलसाठी गेलो, यमालने खांबाला मारला आणि उलट्या पावली आमच्यावर आलं. फ्लिकवर राग नाही. ह्याच वेडेपणामुळे वर्षभर मजा आली. लीग आमचीच होणार आहे, तेवढं रविवारी रेआलविरुद्धच्या क्लासिकोत उरकून घेतो.

गनर_ठाणेकर | ८ मे, पहाटे २:४०

पॅरिस २-१. एकूण ३-१. डोनारुम्माने पहिल्या दहा मिनिटांत मार्टिनेली आणि ओडेगार्डचे दोन हमखास गोल काढले, तिथेच आम्ही संपलो. राया विटिन्याची पेनल्टी अडवतो आणि लगेच हाकिमी दुसरा मारतो.

मॅड्रिदिस्ता | सकाळी ९:३०

आर्सेनलचा प्रशिक्षक आर्टेटा म्हणतोय, स्पर्धेत आमच्याहून सरस संघ बघितला नाही. त्याला कुणीतरी टीव्ही घेऊन द्या.

कॉपकाका | ९:४०

मॅड्रिदिस्ता, तुमच्या एम्बापेलाही एक द्या. जुने सहकारी फायनल खेळतायत ते बघायला.

रात्रपाळी | ९:४१

काका पेटले.

---

युनायटेड_पीडित | २२ मे, पहाटे २:३५

बिल्बाओ. टॉटनहॅम १, आम्ही ०. लीगमधल्या १६व्या आणि १७व्या संघांची युरोपियन फायनल, आणि त्यातही आम्ही हरलो. मला काही बोलायचं नाही.

गनर_ठाणेकर | सकाळी ८:००

मला बोलायचंय. टॉटनहॅमकडे ट्रॉफी आली! २००८नंतर पहिली! त्यांचा प्रशिक्षक पोस्टेकोग्लू म्हणाला होता की मी नेहमी दुसऱ्या वर्षी काहीतरी जिंकतो, आम्ही आठ महिने त्यावर हसलो. आणि केनने त्यांना सोडून बायर्नकडे जाऊन लीग जिंकली, त्याच महिन्यात ह्यांनी त्याच्याशिवाय कप जिंकला. उत्तर लंडनमध्ये ह्या वर्षी मिरवणूक निघणार आणि ती आमची नसणार. माझं नाव बदलून मिळेल का?

युनायटेड_पीडित | ८:०२

'पीडित' मोठं आहे, दोघं मावतात.

---

इसारकाठी | ३१ मे, रात्री ९:१५ (भारतीय वेळ)

तिकीट नाही, विचारू नका. दुपारभर मारीएनप्लाट्झला होते. निळे-काळे एका बाजूला, लाल-निळे दुसऱ्या, आणि मधे बायर्नचे म्हातारे बिअर घेऊन परीक्षकासारखे उभे. फ्रोटमानिंगला जाणारी यू-सहा दुपारपासूनच भरून वाहतेय.

अंदाज: इंटर २-१. आमच्या पोरांना आता पोरं म्हणवत नाही, आचेर्बी ३७, सोमर ३६, म्खितार्यान ३६. पण अनुभव म्हणून काही असतं की नाही?

कॉपकाका | ९:३०

असतो. पण त्याला पाठलाग करता येत नाही. पॅरिस ३-१.

रात्रपाळी | १ जून, मध्यरात्री १२:३३

हे काय होतं? पॅरिसने सुरुवातीचाच चेंडू मुद्दाम थेट बाहेर मारला!

पेठेतला_लेफ्टबॅक | १२:३६

मुद्दामच. इंटरला त्यांच्याच कोपऱ्यात थ्रो घ्यायला लावायचा आणि सगळ्यांनी वर चढून दाबायचं. पॅरिसचा प्रशिक्षक एन्रिकेचं डोकं. सोमर गोलकिक घेताना डेम्बेले कुठे उभा आहे बघा. पेटीच्या कडेला, अर्धा वाकून, नजर चेंडूवर. शर्यतीच्या रेघेवर उभा राहिल्यासारखा. सोमरला जवळचा पास द्यायचीच भीती वाटतेय.

मांडवीपार | १२:४४

हाकिमी!!! विटिन्याचा पास बघितलात? डुएने नुसता बाजूला दिला, हाकिमीने ढकलला. जुन्या क्लबविरुद्ध म्हणून जल्लोष नाही केला त्याने, हात वर करून माफी मागितली.

इसारकाठी | १२:४६

डिमार्को का मागे राहिला तिथे. का.

मांडवीपार | १२:५२

डुए. २-०. एकोणीस वर्षं वय!

यमालचा_मामा | १:५४

तिसरा. पुन्हा डुए. ताई, पाणी प्या.

रात्रपाळी | २:०४

क्वारा. ४-०. आता हा सामना नाही, वसुली आहे.

पेठेतला_लेफ्टबॅक | २:१८

मायुलू. तोपण एकोणीसचा. ५-०. जाळ अन् धूर संगटच.

रात्रपाळी | २:३०

युरोपियन कपच्या फायनलमध्ये पाच गोलांचं अंतर आजवर कधीच नव्हतं. रेआलची ७-३ असो की मिलानची ४-०, अंतर चारच.

इसारकाठी | सकाळी ११:२०

उठले. इंटरचं ह्या मोसमात लीग एका गुणाने गेलं, कपमधून मिलानने बाहेर काढलं, आणि हे. त्यावर नको बोलूया.

पण एक सांगते. सामना संपल्यावर पॅरिसच्या प्रेक्षकांनी एक भलामोठा पडदा उलगडला. एन्रिके आणि त्याची मुलगी शाना, दोघं मैदानात झेंडा रोवतायत. २०१५ला बर्लिनमध्ये बार्साबरोबर जिंकला तेव्हा त्या चिमुकलीने खरंच मैदानात बार्साचा झेंडा रोवला होता. २०१९मध्ये ती गेली, नऊ वर्षांची होती. नवरा आणि मी दोघंही गप्प झालो, आणि तेव्हा मला कोण जिंकलं ह्याचं काही वाटलं नाही. पाच मिनिटांनी पुन्हा वाटायला लागलं.

यमालचा_मामा | ११:४०

मान्य, पण कतारचा पैसा २०११पासून आहे, हे विसरून 'गरीब बिचारी तरुण पोरं' असलं काही लिहू नका. क्वाराला जानेवारीत नापोलीकडून ७० दशलक्ष युरोच्या आसपास देऊन आणलाय.

कॉपकाका | १२:१०

कुणी गरीब म्हणत नाही. पण नेमारला २२२ दशलक्ष दिले होते तेव्हाही पैसा होताच की, आणि दर वर्षी मार्चमध्ये रडारड व्हायची. पैसा तोच, काल पहिला धावत होता तो डेम्बेले. सगळ्यात मोठा खेळाडू सगळ्यात जास्त पळतो म्हटल्यावर बाकीच्यांना थांबायची लाज वाटते. एम्बापे असता तर तो गोलकिकला वाकून उभा राहिला असता का, हे मला मॅड्रिदिस्ताने सांगावं.

आणि जल्लोषात फ्रान्समध्ये दोघांचा जीव गेलाय, शेकडो अटकेत. ते वाचून तोंडाची चव गेली.

मॅड्रिदिस्ता | १२:३०

काका, ह्या वर्षी एम्बापेने आमच्यासाठी चाळीसच्या वर गोल केलेत.

कॉपकाका | १२:३१

मी गोल नाही विचारले.

मॅड्रिदिस्ता | १२:५०

आज आमच्या मुंबईची क्वालिफायर आहे, मी तिकडे चाललो.

रात्रपाळी | १२:५१

नियम क्रमांक तीन!

---

पेठेतला_लेफ्टबॅक | ४ जून

फुटबॉलचे नियम करणाऱ्यांनी आता खुलासा काढलाय: पेनल्टी मारताना चुकून दोनदा पाय लागला आणि गोल झाला, तर पेनल्टी पुन्हा मारायची. अल्वारेझला कळवा कुणीतरी.

मॅड्रिदिस्ता | ४ जून

नियम म्हणजे नियम असतात असं कोण म्हणालं होतं?

मांडवीपार | ९ जून

पोर्तुगालने नेशन्स लीग घेतली. स्पेनविरुद्ध, पेनल्टींवर, पुन्हा म्युनिकमध्येच. नुनो मेंडेसने यमालला खिशात घातलं आणि वर गोलही केला. मामा, आहात का?

यमालचा_मामा | ९ जून

मामा गावाला गेलेत.

रात्रपाळी | २९ ऑगस्ट २०२५

धागा वर काढतोय, बातमीच तशी आहे. पुढची फायनल ३० मेला बुडापेस्टमध्ये, आणि सामना तिथल्या संध्याकाळी सहाला. म्हणजे आपल्याकडे रात्री साडेनऊला! जेवून बसायचं आणि बाराच्या आत झोपायचं.

कॉपकाका | २९ ऑगस्ट

ह्या वयात मला हे मिळावं म्हणजे पुण्याई.

युनायटेड_पीडित | २९ ऑगस्ट

साडेनऊला घरात मालिका लागलेली असते. टीव्ही मिळणार नाही. आम्हाला दीडच बरा होता.

गनर_ठाणेकर | २९ ऑगस्ट

तुझा संघ यंदा युरोपात कुठेच नाही, तू काय करणार आहेस टीव्हीचं?